माणूस पुढे, अक्षरं मागे

दोरी ओढली, वरची चादर खाली आली आणि मंडळाच्या दारावर दहा फुटांची मी दिसले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली, जांभळी पैठणी नेसलेली, पायात चपला. खुर्चीच्या बुडाखाली, माझ्या पायांच्या मागे, हातभर उंचीच्या शेंदरी अक्षरांत लिहिलं होतं, 'श्री गणेशोत्सव'.

ढोलवाला वाजवायचा थांबला. आमच्या सेक्रेटरींची आई तेव्हा नव्वदीची होती. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ती सगळ्यांशीच ओरडून बोलायची. ती म्हणाली, "अगं बाई, ही गणपतीवर बसली की!"

कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणीतरी म्हणालं, "आणि चपला घालून," आणि हसणं बंद झालं.

त्याच वेळी मूर्ती दारात आली होती. सेक्रेटरी पाट हातात धरून उभे होते, मूर्तीच्या तोंडावर रुमाल होता, आणि आत जायचं तर या फ्लेक्सखालूनच जायला हवं होतं. म्हणजे माझ्या चपलांखालून. सेक्रेटरींनी एक पाऊल पुढे टाकलं, वर पाहिलं आणि मागे घेतलं. पाट जड होता, त्यांचे हात थरथरत होते. सहसा शुद्ध मराठी बोलणारा माणूस, पण राग आला की आमच्या लखनौच्या सगळ्या मराठी माणसांना हिंदीच आठवतं. ते म्हणाले, "ये बनाया किसने है?"

सगळ्यांनी नळापाशी उभ्या असलेल्या एका उंच, वाळक्या माणसाकडे पाहिलं. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर, एक कपाळावर.

मीही त्यांच्याकडेच पाहिलं.

हे गृहस्थ माझ्या नवऱ्याचे दोस्त. दोघं मानक नगरला, रेल्वेच्या संशोधनाच्या ऑफिसात. माझा नवरा वर्कशॉपमध्ये, हे ड्राफ्ट्समन. डब्याचे भाग, स्प्रिंगा, कड्या असलं सगळं कागदावर रेघांनी काढायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. रिटायर झाल्यावर बाकीचे लोक गावाकडे जमीन बघतात किंवा गुडघे धरून बसतात. भाऊजींनी कॉम्प्युटर आणला. त्यांच्या बायकोला त्या जागी शिलाईचं मशीन ठेवायचं होतं. तिने कॉम्प्युटरला क्रोशाचं झाकण विणलं आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. फार कमी बोलणारी बाई. मला ते कधी जमलं नाही.

कॉम्प्युटरवर पेन्सिलीचं काही काम नसतं. पण भाऊजी रोज सकाळी चार पेन्सिली तासून शर्टाच्या खिशात ठेवायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "हात जागा होतो." मग दिवसभर माउस धरायचे. त्यांचा चहा नेहमी गार व्हायचा, आणि गार झाल्यावरच ते प्यायचे. गरम दिला तर थांबायचे.

फोटोत माणसाच्या मागे अक्षरं घालायची, हे त्यांचं वेड होतं. आज तुम्हाला त्यात काही वाटणार नाही. तेव्हा, म्हणजे दोन हजारच्या आगेमागे, आमच्यात ते कोणी पाहिलेलं नव्हतं. बारशाची पत्रिका असो की निरोप समारंभाचा बोर्ड, फोटो एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला, नाहीतर मजकूर सरळ माणसाच्या छातीवरून गेलेला. भाऊजींच्या फोटोत अक्षरं माणसाच्या पाठीमागे उभी असायची, एखाद्या भिंतीसारखी, आणि माणूस तिच्यापुढे येऊन उभा राहिल्यासारखा दिसायचा.

हे कसं करतात, ते त्यांनी मला एकदा समजावलं. आधी अख्खा फोटो खाली ठेवायचा. त्यावर अक्षरं मांडायची. मग त्याच फोटोतला माणूस कडेकडेने कापून घ्यायचा आणि अक्षरांच्या वर, बरोबर त्याच जागी, परत बसवायचा.

मी म्हटलं, "म्हणजे पुरणपोळीच की. अक्षरं म्हणजे पुरण."

ते एकदम खूश झाले. "बरोबर! आणि वहिनी, त्यात तुम्ही दोनदा असता. एक खाली, एक वर. खालची कोणाला दिसत नाही."

"खालची कशाला ठेवायची मग?"

"ती काढली तर वरचीला जागा कळत नाही," ते म्हणाले. मी चौथी पास बाई. मान हलवली आणि पोळ्यांच्या तयारीला लागले.

सगळी मेहनत त्या कापण्यात. माणसाच्या कडेवरून माउस न्यायचा, केसाकेसावरून. त्यामुळे भाऊजींना माणसं फार वेगळी दिसायला लागली. समोर कोणीही आलं की आधी ते त्याच्या डोक्याची कड बघायचे आणि मनात मिनिटं मोजायचे. मनात ठेवली असती तर बरं झालं असतं. ऑफिसातले एक मोठे साहेब पूर्ण टकले होते. त्यांच्या निरोपाच्या दिवशी भाऊजी त्यांच्या बायकोला म्हणाले, "साहेब तसे चार मिनिटांचे आहेत. कानात केस आहेत म्हणून सहा लागतात." आमच्या महानगर मोहल्ल्यात एका घरी मुलगी दाखवायचा कार्यक्रम होता. मुलीचे केस कुरळे, मोकळे सोडलेले. मुलाकडचे लोक पोहे खात होते आणि भाऊजी म्हणाले, "मुलगी उत्तम आहे, पण मला दोन दिवस लागतील." मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. लग्न मग जमलं, पण पत्रिका दुसऱ्याने केली.

मी स्वतःहून विचारलं, "आणि मी हो, भाऊजी?" बाईच्या जातीने असलं विचारू नये.

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा कपाळावर सरकवला. "पाच मिनिटं. तेलाने चापलेले केस, अंबाडा, पदर गच्च. कड कुठे सुटतच नाही. वहिनी, तुम्ही म्हणजे गॅसची टाकी."

दोन दिवस मी हे कौतुकच आहे असं धरून चालले. तिसऱ्या दिवशी आरशात बघितलं तर बाजूनेही तेच. आता माझी नात हेच काम मोबाइलवर बोटाने करते. मला दाखवून म्हणते, "आजी, देखो ना, इसमें क्या है, हो गया!" होतं खरं. पण माझा एक कान जातो.

भाऊजींचे काही नियम होते, आणि ते नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पहिला नियम, माणसाच्या अंगावर अक्षर चढवायचं नाही. हा त्यांना चारबागला सुचला. स्टेशनबाहेरच्या खांबावर एका हरवलेल्या म्हाताऱ्याचा कागद चिकटवलेला होता, आणि 'गुमशुदा' हा शब्द जाड अक्षरांत थेट त्याच्या नाकाडोळ्यांवरून छापलेला होता. भाऊजी म्हणाले, "आता हा सापडायचा कसा? चेहराच झाकलाय." ऑटोवाला ओरडत असताना त्यांनी तो कागद खांबावरून सोडवला आणि घरी आणला. तो चेहरा त्यांनी अंदाजाने दुरुस्त केला, अक्षरं मागे घेतली, नवे कागद काढले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन खांबाखांबावर चिकटवले. म्हातारा सापडला का, ते त्यांना कधी कळलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "मला कोण सांगणार? मी त्यांना कुठे ओळखतो?"

दुसरा नियम, अक्षर गुडघ्याच्या खाली उतरवायचं नाही. "कागदाला पाय लागला तर आपण उचलून कपाळाला लावतो. अख्ख्या अक्षराला पाय लागल्यावर काय उचलणार?" आणि तिसरा, देवाचं नाव माणसाच्या मागे घ्यायचं नाही. देवळात आपण देवाकडे पाठ करत नाही, तर फोटोत कशी करायची? देवाचं नाव वर, एकटं, कोणाच्याही पाठीला न लागलेलं. मंडळाचं सगळं छापायचं काम तेच करायचे, गणेशोत्सवाच्या पत्रिका, मुलांच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं, सगळं. हे तीन नियम मंडळात सगळ्यांना पाठ होते. मलाही.

आता माझ्याकडे येते.

त्या वर्षी उन्हाळ्यात मंडळात एका शास्त्रज्ञांच्या मिसेसचं भाषण झालं. बाई स्वतः डॉक्टर, औषधाची नाही, अभ्यासाची. भाऊजींनी त्यांचा बोर्ड केला होता. बाई हात बांधून उभ्या आणि त्यांच्या खांद्यांमागून त्यांचं नाव असं उगवलेलं की बघत राहावं. मी भाषण ऐकलं नाही. दीड तास तो बोर्डच बघितला. वर्षानुवर्षं मंडळाचा महाप्रसाद मी रांधला, आणि माझा फोटो काय तर सगळ्यांबरोबर काढलेला, मागून तिसऱ्या रांगेत, पातेल्याआड.

मग गणपतीच्या आधी कमिटीने ठरवलं की यंदा दारात महाप्रसादवाल्या काकूंचा, म्हणजे माझा, फ्लेक्स लावायचा. मी दुसऱ्याच दिवशी सवारी टेंपोत बसून महानगरच्या घरून मानक नगर गाठलं. भाऊजी रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून तिथेच मागे दोन खोल्यांत राहायचे.

त्यांनी माझा उभा, कंबरेपर्यंतचा फोटो घ्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, "नाही. पैठणीचा खालचा काठ दिसला पाहिजे. मी बसते." त्यांनी मुकाट्याने फोटो काढला. कॉम्प्युटरवर घातला. पाच मिनिटांत मला कापलं, सांगितल्याप्रमाणे. 'श्री गणेशोत्सव' वर मांडलं, माझ्यापासून लांब, एकटं.

मी म्हटलं, "हे मागे घ्या."

"देवाचं नाव आहे, वहिनी."

"उत्सवाचं नाव आहे. त्या डॉक्टरीणबाईंना मागे अक्षरं आणि मला डोक्यावर छप्पर?"

"त्यांच्या मागे त्यांचं स्वतःचं नाव होतं. तुमचं नाव घेऊ का मागे?"

"माझं नाव सगळ्यांना माहीत आहे. भाऊजी, तुमच्याच्याने होत नसेल तर सांगा. कपूरथला चौकात एक नवा दुकानवाला आलाय, तो करतो म्हणे सगळं."

त्यांनी खिशातली एक पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं, परत ठेवली. मग अक्षरं माझ्या मागे घेतली, डोक्याच्या पातळीला.

"हे कानांपाशी शिंगं फुटल्यासारखं दिसतंय. खाली घ्या."

खांद्यांपाशी आली.

"दंडावरची नक्षी मारली जातेय. खाली."

कंबरेपाशी आली.

"इथे तर मधली दोन अक्षरं माझ्याच मागे गेली. कोणाला वाचता येणार? अजून खाली घ्या."

"किती?"

"ते बघा, खुर्चीच्या पायांमधून रिकामी जागा आहे की! तिथून दिसतील."

त्यांनी खाली घेतली. स्क्रीनवर मी वीतभर होते. अक्षरं खुर्चीच्या पायांमधून छान डोकावत होती, शेंदरी, पैठणीला शोभणारी. मी म्हटलं, "बघा, उगाच अडून बसला होतात." आणि गार झालेला चहा पिऊन घरी आले.

तर तो फ्लेक्स, ती मूर्ती, आणि ते विचारणं, "ये बनाया किसने है?"

भाऊजी नळापासून पुढे आले. "मी," म्हणाले. एवढंच. पिशवी खाली ठेवली, शिडी मागितली, आणि पासष्टीचा माणूस शिडीवर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागला. वरची गाठ सुटेना. दातांनी ओढली. खाली दोन-अडीचशे माणसं माना वर करून उभी. मी शिडीपासून चार हातांवर होते. त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. "मी सांगितलं होतं," एवढं. शाळेत चौथीपर्यंत गेले, पण एवढं वाक्य मला येत होतं. मी पदर सारखा केला आणि गप्प राहिले. फ्लेक्स खाली आला, मूर्ती आत गेली, आणि आरतीला माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्या संध्याकाळी सेक्रेटरी त्यांना म्हणाले, "या वर्षी तुम्ही सजावटीकडे येऊ नका. लोकांच्या भावना आहेत." भाऊजी बरं म्हणाले. पुढच्या कामांचं कोणी काही बोललं नाही, आणि कोणी दिलंही नाही. कपूरथल्याच्या दुकानात गेलं सगळं. तिथून पहिल्याच पत्रिकेवर गणपतीच्या सोंडेवरून तारीख छापून आली. त्यावर कोणी काही म्हटलं नाही, गणपतीनेही नाही.

त्या फ्लेक्सचं काय करायचं, हाही प्रश्नच झाला. देवाचं नाव म्हणून टाकता येईना, आणि मी म्हणून विसर्जन करता येईना. शेवटी सेक्रेटरींनी कात्रीने खालची अक्षरं कापून मूर्तीबरोबर गोमतीत सोडली आणि वरची मी गुंडाळी करून माझ्याच घरी पाठवली. खुर्चीला पाय नाहीत, मला पोटऱ्या नाहीत, अशी मी बरीच वर्षं माळ्यावर होते.

आणि मला काय झालं? मला सहानुभूती मिळाली. ज्याला भेटावं तो म्हणायचा, "काकू, काय तुमची फजिती केली त्या माणसाने!" मी म्हणायची, "जाऊ द्या हो." हे 'जाऊ द्या' मी इतक्या मोठेपणाने म्हणायची की मला स्वतःलाच पटायला लागलं. दिवाळीनंतर मंडळाची निवडणूक होती. अध्यक्ष व्हायच्या होत्या त्या डॉक्टरीणबाई. त्या उठून म्हणाल्या, "यंदा काकूंनी खूप सोसलंय. मी त्यांच्यासाठी माघार घेते." टाळ्या पडल्या. अशी मी मंडळाची अध्यक्ष झाले. मंडळाची पहिली बाई अध्यक्ष. सही करायला मला वेळ लागतो, म्हणून रबरी शिक्का केला.

भाऊजींकडे मी गेले नाही. आधी म्हटलं, गडबड आहे. मग म्हटलं, थंडी आहे. लखनौची थंडी फार उपयोगाची असते, दोन महिने कुठेही न जायला पुरते.

फेब्रुवारीत आलमबागच्या बाजारात त्यांची बायको भेटली. भाजीवाल्याकडे मटार निवडत होती.

मी म्हटलं, "कसे आहेत भाऊजी?"

"बरे आहेत. कॉम्प्युटर झाकून ठेवलाय." ती मटार निवडत राहिली. "सकाळी पेन्सिली तासतात. दुपारी परत तासतात. चारातल्या दोन आता बोटाएवढ्या राहिल्यात."

"मंडळाचं काय, लोक विसरतील हो."

तिने भाजीवाल्याला म्हटलं, "भैया, आधा किलो बस." मग माझ्याकडे वळली. "ताई, त्यांनी मला काही सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी मी आतल्या खोलीत गहू निवडत होते. आणि तुमचा आवाज काही लहान नाही. 'खाली घ्या, अजून खाली घ्या.' मला वाटलं, कपाटावरून काहीतरी उतरवताय."

ती पिशवी घेऊन निघाली. दोन पावलं जाऊन परत आली. "कोणी यायचं बंद झालंय आमच्याकडे. तिळगुळालाही कोणी आलं नाही. मुलगा नाही, मुलगी नाही, होतं ते मंडळच होतं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं." आणि गेली. एवढी वाक्यं ती माझ्याशी सगळ्या वर्षांत मिळून बोलली नव्हती.

मटार न घेता घरी आले. ठरवलं की वार्षिक सभेत सांगायचं. त्यालाही मार्च उजाडला.

सभेत सेक्रेटरींनी अहवाल वाचला. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, "तो फ्लेक्स मी सांगितला तसा झाला. भाऊजी नको म्हणत होते. मीच अक्षरं खाली घ्यायला लावली. चूक माझी आहे, आणि मी गप्प बसले, ती दुसरी चूक."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि टाळ्या वाजवायला लागल्या. सगळेच वाजवायला लागले.

सेक्रेटरी म्हणाले, "बघा. अध्यक्षांनी दुसऱ्याचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला. याला म्हणतात मोठं मन."

मी म्हटलं, "अहो मन कसलं! खरंच मी सांगितलं होतं."

"काकू, आम्हाला तुमचा स्वभाव माहीत आहे."

"काय डोंबल माहीत आहे? मी त्यांना कपूरथल्याच्या दुकानाची धमकी दिली!"

लोक हसले आणि अजून टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींची आई ओरडून म्हणाली, "गुणाची बाई आहे!" जन्मात पहिल्यांदा मी चारचौघांत खरं बोलले आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. मी चार वेळा सांगितलं. शेवटी ठराव झाला की अध्यक्षांच्या विनंतीला मान देऊन संबंधित सदस्यांना मंडळ माफ करत आहे. त्या ठरावावर खाली माझाच शिक्का मारायचा होता. मी मारला. नाहीतर त्यांना परत कोण बोलावणार?

दुसऱ्या दिवशी ठरावाचा कागद घेऊन मी त्यांच्या दोन खोल्यांत गेले. दारात भाऊजींची बायको होती. तिने बाजूला होऊन मला आत घेतलं. भाऊजींनी दोन्ही चष्मे आलटून पालटून लावून कागद वाचला.

"माफ? कशाबद्दल?"

"मी सगळं खरं सांगितलं, भाऊजी. कोणी ऐकेना."

त्यांनी कागदाची घडी केली. "वहिनी, एक विचारू? मी आयुष्यभर काय काम केलं?"

"ड्रॉइंगचं."

"म्हणजे सत्तर फुटी डबा हातभर कागदावर काढायचा. आणि हातभर कागद बघून सत्तर फुटांत काय होईल ते ओळखायचं. तुम्हाला स्क्रीनवर वीतभर दिसलं. मला त्याच वेळी दहा फूट दिसत होतं. चपलांसकट."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही त्या दुकानाचं नाव काढलंत," ते म्हणाले. "मला राग आला. म्हटलं, हवंय ना, दिसू दे."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "हे मला आज कळतंय." आणि भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. एवढं जोरात भांडं त्या घरात कधी वाजलं नव्हतं.

भाऊजी खाली बघत म्हणाले, "पण मूर्ती त्याच वेळी दारात येईल, हे माझ्या हिशोबात नव्हतं. पाट धरून त्यांचे हात कापत होते, ते मी पाहिलं. तेव्हा म्हटलं, हे आपलंच."

"अर्धं माझं होतं."

"अर्धं नाही. तुम्ही पाऊण धरा," ते म्हणाले, आणि हसले. मलाही हसू आलं, पण त्यांच्या बायकोला आलं नाही. चहाचे कप तिने दोघांपुढे ठेवले ते ठणकन. मला गार चहा मिळाला, त्यांना गरम.

पुढच्या गणपतीला ते आले. सेक्रेटरींनी माइकवरून जाहीर केलं की मंडळाने मोठ्या मनाने सगळं विसरायचं ठरवलंय. भाऊजी बरं म्हणाले. पत्रिका परत त्यांच्याकडे गेल्या. त्यानंतर तीन गणपती त्यांनी केले आणि चौथ्याच्या आधी गेले, झोपेत. बायको नाशिकला भावाकडे गेली. तिथून मला एकदा पोस्टकार्ड आलं, त्यात एका ओळीत फक्त तब्येत कळवलेली होती.

मंडळात अजून हा किस्सा सांगतात. नव्या आलेल्या बँकवाल्यांच्या, प्रोफेसरांच्या बायकांना हसत हसत सांगतात आणि शेवटी म्हणतात, "काकूंवर काय प्रसंग आला होता तेव्हा, विचारू नका." त्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी प्रत्येकीला सांगते की तसं नव्हतं. त्या म्हणतात, "काकू किती साध्या आहेत!"

माझ्यावर काही आलं नव्हतं. दिवाळी, थंडी, संक्रांत, होळी, ते अख्खं वर्ष भाऊजींनी आणि त्यांच्या बायकोने मानक नगरच्या मागे, कोणी येईल म्हणून दार उघडं ठेवून काढलं. मी अध्यक्ष होते.